आईचे दूध 'पातळ' का दिसते?
मातृदुग्धातील स्निग्धांश आणि बालकाची वाढ

वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखाद्या आरोग्यविषयाची सुबोध ओळख करून द्यावी, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा मातृदुग्धातील स्निग्ध पदार्थ हा विषय आम्ही घेतला आहे. वरवर पाहता तो रसायनशास्त्राच्या पुस्तकातला वाटेल; परंतु आम्हाला तो सुचला तो आमच्या प्रसूती विभागातील एका वाटीमुळे.

बाळंतिणीच्या खाटेशेजारी बसलेली आजी सुनेचे थोडेसे दूध वाटीत काढते, वाटी खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी करते आणि मान हलवते, हे दृश्य आमच्या परिचारिकांच्या चांगले परिचयाचे आहे. "बाई, हे तं निरं पानी हाये. यानं लेकराचं पोट कसं भरन?" हा प्रश्न त्यामागोमाग येतोच. तो मायेपोटी विचारलेला असतो. पण त्याचे उत्तर तिथल्या तिथे नीट मिळाले नाही, तर पुढचा क्रम ठरलेला असतो. घरी गेल्यावर वरचे दूध सुरू होते. म्हशीचे दूध दाट, म्हणून त्यात निम्मे पाणी घातले जाते. किंवा ऐपत नसतानाही भुकटीचा डबा येतो. पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते, कमी ओढल्यामुळे आईचे दूध खरोखरच आटत जाते, आणि महिन्या-दीड महिन्याने जुलाबाने सुकलेले, वजन न वाढलेले तेच बाळ आमच्या बालरुग्ण विभागात दाखल होते. आजींचे निदान तोवर खरे ठरलेले असते, पण ते त्यांच्याच उपायाने खरे ठरलेले असते.

सबब, आईच्या दुधातील स्निग्धांश असतो कुठे, तो डोळ्यांना का दिसत नाही आणि बाळाला तो कशासाठी लागतो, हे थोडे सविस्तर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

वाटीत न उतरणारा स्निग्धांश

प्रसूतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस जे येते तो चीक. तो पिवळसर आणि चिकट असतो, आणि प्रमाणाने अगदी थोडा. त्याचा दाटपणा पाहून त्यात स्निग्धांश भरपूर असावा असे वाटते, पण वस्तुस्थिती उलट आहे. चिकात स्निग्ध पदार्थ कमी, साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असतात. त्याचे मोल आहे ते रोगप्रतिकारक द्रव्यांसाठी. पुढे दूध उतरते, हळूहळू पांढरे, किंचित निळसर होते आणि दिसायला पातळ वाटू लागते. नेमक्या याच काळात त्यातील स्निग्धांश वाढून साडेतीन ते साडेचार टक्क्यांपर्यंत पोहोचतो. म्हणजे दिसण्यावरून काढलेले अनुमान दोन्ही वेळा चुकते.

त्यातही एक मेख आहे. मातेचे दूध पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत एकसारखे नसते. स्तन भरलेला असताना प्रथम येणारे दूध पाणीदार असते. त्यात दुग्धशर्करा भरपूर, स्निग्धांश कमी. स्निग्ध पदार्थांचे सूक्ष्म गोलक दूध तयार करणाऱ्या पेशींना आणि नलिकांच्या भिंतींना चिकटून राहतात आणि स्तन रिकामा होत जातो तसतसे सुटून दुधात उतरतात, असे मानले जाते. एकाच पाजण्यात सुरुवातीच्या मानाने अखेरीस स्निग्धांशाचे प्रमाण दुप्पट-तिप्पट झालेले आढळते. आता आजींच्या वाटीकडे पुन्हा पाहावे. त्यांनी काढलेले दूध भरलेल्या स्तनातले अगदी सुरुवातीचे आहे. त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले खोटे नाही, पण विहिरीचे पाणी पहिल्या पोहऱ्यावरून जोखावे तसे ते आहे.

येथे आमच्याकडूनही झालेली एक चूक नमूद केली पाहिजे. 'एका बाजूला दहा मिनिटे, मग दुसऱ्या बाजूला दहा मिनिटे' असा सल्ला एके काळी सर्वत्र दिला जाई, आणि आमच्या प्रसूती विभागातही भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून तो दिला गेला. काही बाळे सात-आठ मिनिटांत बाजू रिकामी करतात, काहींना वीस मिनिटे लागतात. हळू ओढणाऱ्या बाळाला दहाव्या मिनिटाला उचलले, की त्याच्या वाट्याला दोन्ही बाजूंचे सुरुवातीचेच दूध येते. पोट फुगते, शर्करेच्या अतिरेकाने हिरवट, फेसाळ शौचास होते, बाळ तासाभरात पुन्हा रडते आणि घरची मंडळी म्हणतात, दूध पुरत नाही. १९८८ साली ब्रिटनमधील मायकेल वूलरिज आणि क्लोई फिशर यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमकी हीच लक्षणे मांडून, दोष दुधात नसून पाजण्याच्या पद्धतीत असू शकतो असे दाखवून दिले. बाळ एक बाजू स्वतः सोडेपर्यंत ती बदलू नये, हा सल्ला त्यानंतर रूढ झाला.

मात्र या ज्ञानाचाही अतिरेक होऊ शकतो. 'आधीचे दूध' आणि 'नंतरचे दूध' अशा दोन वेगळ्या वस्तू असल्यासारखे बोलले जाते आणि आया चिंतेत पडतात. तसे नाही, बदल सलग आणि हळूहळू होतो. बाळ थोड्या वेळापूर्वीच प्यालेले असेल, तर पुढच्या वेळी सुरुवातीचे दूधही बऱ्यापैकी स्निग्ध असते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निव्वळ स्तनपान करणाऱ्या एक ते सहा महिन्यांच्या ७१ बाळांची चोवीस तासांची मोजदाद प्रसिद्ध केली. ती बाळे दिवसाकाठी सरासरी अकरा वेळा पीत होती, दुधातील स्निग्धांश सरासरी लिटरला ४१ ग्रॅम होता, आणि बाळ वारंवार थोडे पिते की क्वचित भरपूर, यावरून त्याला दिवसभरात मिळणाऱ्या एकूण स्निग्धांशात फरक पडत नव्हता. बहुसंख्य बाळे रात्रीही पीत होती. तात्पर्य, हिशेब आईने ठेवायचा नाही. तो बाळ ठेवते. आईने फक्त त्याला मध्येच उचलू नये आणि रात्रीचे पाजणे तोडू नये.

एक अट मात्र आहे. बाळाने स्तन नीट धरला पाहिजे. केवळ स्तनाग्र तोंडात असेल, तर बाळ चोखत राहते पण स्तन रिकामा होत नाही, आणि आईला वेदना होतात त्या वेगळ्याच. तोंड मोठे उघडून भोवतालचा काळा भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या आरोग्यविषयक चित्रफिती मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांत बाळाला धरण्याची रीत टप्प्याटप्प्याने दाखविली आहे. वजन न वाढणाऱ्या बाळांच्या बाबतीत औषधाची बाटली लिहून देण्याआधी बाळ कसे धरले आहे हे पाहावे, असे आमचे मत होत चालले आहे.

तीस ग्रॅमचा हिशेब

शंभर मिलिलिटर मातृदुग्धातून ६५ ते ७० उष्मांक मिळतात आणि त्यांपैकी सुमारे निम्मे केवळ स्निग्धांशातून येतात. तीन-चार महिन्यांचे बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर किंवा थोडे अधिक दूध पिते. म्हणजे सुमारे तीस ग्रॅम स्निग्ध पदार्थ, दोन मोठे चमचे तेल म्हणा ना. सहा किलोच्या जिवाला हे तीस ग्रॅम! साठ किलोच्या माणसाने त्याच प्रमाणात खायचे ठरविले तर रोज तीनशे ग्रॅम तूप-तेल पोटात जाईल. वैद्यांच्या सल्ल्याने तूप वर्ज्य केलेल्या आमच्या काही ज्येष्ठ देणगीदारांना हे वाचून नवल वाटेल. त्याहून नवल म्हणजे आईच्या दुधात कोलेस्टेरॉलही असते, आणि निसर्गाने ते जाणूनबुजून घातल्यासारखे असते, कारण वाढत्या पेशींची पटले त्यावाचून उभी राहत नाहीत.

ही पटले सर्वाधिक वेगाने जिथे तयार होत असतात तो अवयव म्हणजे मेंदू. जन्मतः साडेतीनशे ते चारशे ग्रॅम असलेला मेंदू वर्षभरात नऊशे ग्रॅमच्या आसपास जातो. मेंदूतील पाणी वगळले तर उरलेल्या भागात निम्म्याहून अधिक वाटा स्निग्ध द्रव्यांचा असतो. मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन चढते, तेव्हा कुठे संदेश झपाट्याने धावू लागतात. मान धरणे, पालथे पडणे, रांगणे हे सारे त्या वेष्टनाच्या प्रगतीशी बांधलेले आहे. दृष्टिपटलात आणि मेंदूत 'डीएचए' नावाचे एक लांब साखळीचे मेदाम्ल विशेष प्रमाणात साठते. ते आईच्या दुधात तयार स्वरूपात असते. गाई-म्हशीच्या दुधात ते जवळजवळ नसतेच.

म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, मग ते बाळाला अधिक पौष्टिक नाही का, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. ते रेडकाला पौष्टिक आहे. त्यात प्रथिने मातृदुग्धाच्या सुमारे चौपट. मूत्रपिंडे कोवळी असलेल्या बाळाला ती झेपत नाहीत, म्हणून पाणी घालावे लागते. पाणी घातले की स्निग्धांश आणि उष्मांक उतरतात, शिवाय ते पाणी कोणते, हा प्रश्न उरतोच. खारपाणपट्ट्यातील गावांना तो वेगळा सांगायला नको.

आईच्या दुधातील स्निग्धांश पचविण्याची किल्लीही त्याच दुधात ठेवलेली असते. नवजात बाळाच्या स्वादुपिंडातून स्निग्ध पदार्थ पचविणारा लायपेज हा रस पुरेसा स्रवत नाही. ही उणीव मातृदुग्धातील एक विशिष्ट लायपेज भरून काढतो. तो दुधात निद्रिस्त असतो, आतड्यात पित्तक्षारांची गाठ पडली की जागा होतो. या पचनातून सुटणारी मेदाम्ले काही जंतूंना मारकही ठरतात. पामिटिक नावाचे मेदाम्ल आईच्या दुधात रेणूच्या मधल्या जागी बांधलेले असते, त्यामुळे ते सहज शोषले जाते. पामतेलात ते कडेच्या जागी असते, तिथून सुटून कॅल्शियमशी त्याचा साबण बनतो, शौचास घट्ट होते आणि कॅल्शियमही वाया जाते. डब्यावर 'मातृदुग्धाच्या जवळचे' असे सुचविणारे काहीही छापलेले असो, जवळ असणे म्हणजे काय ते यावरून ध्यानात यावे. अर्भकांच्या दुग्धपर्यायांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला, आणि आमच्या आवारात असे फलक वा नमुने येऊ न देणे हे आम्ही कर्तव्य समजतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की स्निग्धांशात विरघळणारी सर्वच जीवनसत्त्वे आईच्या दुधातून पुरेशी मिळत नाहीत. 'क' गटापैकी नव्हे, तर रक्त साकळण्यास लागणारे 'के' जीवनसत्त्व त्यात थोडे असते, म्हणून जन्मतःच त्याचे इंजेक्शन दिले जाते. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंबही याच कारणाने दिले जातात. त्यामुळे दुधाला कमीपणा येत नाही.

जवसाची चटणी आणि आईचे ताट

आईने काय खाल्ले असता दूध 'कसदार' होते, याविषयी वऱ्हाडात मतांना तोटा नाही. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, तूप. यांतले बरेचसे बाळंतिणीच्या स्वतःच्या प्रकृतीला चांगलेच. पण तूप खाल्ल्याने दुधातील स्निग्धांशाचे एकूण प्रमाण फारसे वाढत नाही. १९५० च्या दशकात डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब भारतीय मातांच्या दुधाचे पृथक्करण केले, तेव्हा अपुऱ्या आहारावर जगणाऱ्या मातांच्या दुधातही प्रथिने व शर्करा बव्हंशी टिकून असल्याचे दिसले. आई स्वतःच्या अंगातून ते पुरविते. स्निग्धांशासाठी गरोदरपणात अंगावर चढलेली चरबी उपयोगी पडते, आणि ज्वारीची भाकरी व वरणावर राहणाऱ्या आईचे स्तन पिष्टमय पदार्थांपासूनही काही मेदाम्ले घडवितात. सुकलेल्या आईचे दूध सुकलेले नसते. झीज तिची होते, आणि आहार वाढवायचा तो प्रथम तिच्यासाठी. मेळघाटासह राज्याच्या आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देण्यात येऊ लागले, ते याच दृष्टीने महत्त्वाचे.

आहाराने बदलते ती स्निग्धांशाची जात. येथे आमच्या मातीतल्या जवसाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. जवसाची चटणी आणि भाकरी हे वऱ्हाडी घरातले नित्याचे जेवण. जवसात ओमेगा-३ वर्गातील एक मेदाम्ल विपुल आहे आणि ते आईच्या दुधात उतरतेही. परंतु त्यापासून डीएचए बनविण्याची शरीराची क्षमता तोकडी असते. जवस खाल्ल्याने दुधातील डीएचए वाढत नाही. ते मासे आणि काही प्रमाणात अंडी यांतून मिळते. ज्यांना चालते त्यांनी काटेपूर्णेची मासळी बाळंतिणीच्या ताटातून वगळू नये, इतकेच आम्ही सुचवू.

मग माळकरी, जैन वा अन्य शाकाहारी घरातील मातेने महागड्या गोळ्या घ्याव्यात काय? याचे उत्तर आपल्या शेजारी, बेळगावात शोधले गेले आहे. तेथे गरोदरपणाच्या मध्यापूर्वीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत एका गटाला रोज ४०० मिलिग्रॅम शेवाळजन्य डीएचए आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. बाळे वर्षाची झाल्यावर दोन्ही गटांच्या बौद्धिक व शारीरिक विकासात लक्षणीय अंतर आढळले नाही. पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईने त्यासाठी कर्ज काढू नये, असे आम्ही यावरून सांगतो. चटणी खावी ती चवीने.

अपुऱ्या दिवसांची बाळे

खरी कसोटी लागते ती वेळेआधी जन्मलेल्या बाळांची. मेंदूतील डीएचएची साठवण गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत वेग घेते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ती शिदोरी मिळालेलीच नसते. त्याला ओढताही येत नाही. म्हणून आईचे दूध काढून नळीने द्यावे लागते, आणि येथे स्निग्धांश पुन्हा हुलकावणी देतो. दूध स्थिर राहिले की स्निग्धांश वर तरंगतो आणि नळीच्या, सिरिंजच्या आतल्या बाजूस चिकटतो. यंत्राने तासन्‌तास थेंबथेंब दूध सोडले, तर बाळाच्या हक्काचे सर्वाधिक उष्मांक प्लास्टिकलाच लागून राहतात. शक्य तेथे दूध थोड्या वेळात, हाताने धरलेल्या सिरिंजमधून उताराने सोडावे, हे साधे पथ्य त्यावर लागू पडते. वजन अडलेल्या बाळासाठी आईने प्रथम निघणारे दूध वेगळ्या वाटीत काढून ठेवावे आणि नंतरचे, अधिक स्निग्ध दूध बाळाला आधी द्यावे, हाही मान्य उपाय आहे. बाळ जरा मोठे झाले की आपले जुने बोंडले किंवा वाटी-चमचा बाटलीपेक्षा केव्हाही बरा.

आईला दूधच नसेल, ती आजारी असेल वा दगावली असेल, तर दुसऱ्या मातेचे दान केलेले दूध हा आधार ठरतो. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, ही महाराष्ट्राला भूषणावह बाब. पेढीत दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. त्यात धोकादायक जंतू मरतात, पण वर सांगितलेला लायपेजही नष्ट होतो आणि स्निग्धांश पूर्वीइतका शोषला जात नाही. दानाचे दूध भुकटीपेक्षा सरस, पण स्वतःच्या आईचे ताजे दूध त्याहून सरस. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईला घरी पाठवून 'बाळ आमच्यावर सोपवा' म्हणण्याऐवजी तिला विभागातच, बाळाच्या जवळ, दिवसातून आठ-दहा वेळा दूध काढता येईल अशी जागा, आडपडदा आणि दोन वेळचे जेवण देणे, हा आमच्या दृष्टीने उपचाराचाच भाग आहे. देणगीदारांनी विभागास दिलेल्या पाठ टेकायच्या खुर्च्या आणि शीतकपाट यांची गणना आम्ही म्हणूनच फर्निचरात करीत नाही.

आता कापूसवेचणीला जाणाऱ्या आईविषयी. दिवाळीनंतर आमच्याकडील बहुतेक मजूर स्त्रियांना सव्वा महिना होताच शेतात जावे लागते. बाळ बरोबर असेल तर झोळी बांधावर, आणि पाजणे दोन ओळींच्या मधल्या घाईत. मुकादम हाक मारतो, बाळ अर्धवट सुटते. स्निग्धांश अखेरीस उतरतो हे ज्याने एकदा समजून घेतले, त्याने त्या हाकेचा अर्थही समजून घ्यावा. आमच्या वाचकांत शेतीवाडीचे मालक पुष्कळ आहेत. वेचणीतल्या बाळंतिणीला अर्धा तास सावलीत बसू देण्यास पैसे पडत नाहीत.

बाळ घरी आजीपाशी राहत असेल, तर आईने सकाळी दूध काढून ठेवावे. स्वच्छ धुतलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात काढलेले दूध थंडीच्या दिवसांत सावलीच्या खोलीत चार तास सहज टिकते. अकोल्याच्या वैशाखात हा नियम लावू नये. तेव्हा शीतकपाट किंवा शेजाऱ्याचे शीतकपाट. असे ठेवलेले दूध तासाभरात फुटल्यासारखे दिसते. खाली निळसर पाणी, वर पिवळसर थर. दूध नासले म्हणून ते मोरीत ओतून दिल्याचे आम्हाला कितीतरी जणींनी सांगितले आहे. तो थर म्हणजेच या लेखाचा विषय. भांडे गरम पाण्यात धरून कोमट करावे, चुलीवर ठेवू नये, उकळू नये. हलकेच गोल फिरवले की थर पुन्हा दुधात मिसळतो. मग वाटी-चमच्याने पाजावे, आणि भांड्याच्या कडेला लागून राहिलेलेही चमच्याने निपटून बाळाच्या मुखी घालावे.